नगरभवनाच्या अकरा पायऱ्या

शिडीवर उभी राहून वीब्के जुन्या घराच्या तुळईवरची अक्षरं रंगवत होती. पाचशे वर्षांपूर्वी कुणा सुतारानं कोरलेली अक्षरं, आणि तिच्या कुंचल्यावर ओला सोनेरी रंग. वाऱ्याचा झोत आला, शिडी डुगडुगली... खालून कुणीतरी ती घट्ट धरली.

“तू पडलीस तर झेलेन, पण रंगाचा डबा नाही हं!”

“तू कोण रे? शिडीचा राखणदार?”

“टीलो. मनोऱ्यातलं घड्याळ बघतो. तुझ्यापायी आज ते पाच मिनिटं मागे राहणार.”

त्या उन्हाळ्यात ओस्टरवेर्डे गावाचं घड्याळ रोजच मागे राहिलं. नदीकाठी, लिंडनच्या झाडाच्या सावलीत दोघांत मिळून एकच चेरीचा केक. आणि बोलणं सगळं आडवळणाचं.

ऑगस्ट सरता सरता टीलो म्हणाला, “हाम्बुर्गहून नोकरीचं पत्र आलंय... आणि शनिवारी मला तीस पूर्ण होतायत. म्हणजे झाडू आलाच हाती.”

गावाची रीतच तशी. लग्न न होता तिशी गाठली की नगरभवनाच्या पायऱ्या झाडायच्या. मित्र त्यांवर पोतंभर बाटल्यांची झाकणं ओतणार, आणि एखाद्या बिनलग्नाच्या मुलीनं पापा घेतला तरच सुटका.

“तू येशील ना सोडवायला? तू आलीस... तर हाम्बुर्गला नाही म्हणून कळवीन.”

वीब्केची कानशिलं तापली. “बघू! आधी झाडता येतं का ते तर कळू दे.”

शनिवारी ती गेली. वेळेवर गेली. पण चौकातल्या दगडी खांबाआड थांबली. भुरभुर पावसात टीलो झाडत होता... मान वर करून गर्दीत कुणाला तरी शोधत होता... पुन्हा झाडत होता.

“अरे, कोपरे राहिले! सासूबाई रागावतील!” मित्र ओरडले.

आपल्याला कुणी असं शोधावं! किती गोड वाटत होतं तिला. आणखी एक पायरी होऊ दे... एकच...

तेवढ्यात औषधवाल्यांच्या मुलीला, आन्त्येला, भिजणाऱ्या टीलोची दया आली. ती धावत वर गेली, त्याच्या गालावर ओठ टेकले, आणि चौकभर टाळ्या पडल्या. अकरापैकी चार पायऱ्या अजून झाडायच्या होत्या.

वीब्के पुढे आली तेव्हा टीलोच्या केसांतून पाणी निथळत होतं.

“आली नाहीस...”

इथंच होते रे, असं ओठांवर आलेलं तिनं गिळलं. “सुटलास ना? मग झालं तर!”

सोमवारी तो हाम्बुर्गला गेला.

तीन वर्षांनी तिची तिशी आली. मुलींना झाडू नसतो. नगरभवनाच्या दाराची पितळी मूठ दात घासायच्या ब्रशानं घासायची असते, आणि सुटका बिनबायकोच्या पुरुषानं पापा घेतला तरच. ती घासत असतानाच गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “अरे, टीलो आलाय की आईला भेटायला! हो पुढे!”

तो पायऱ्या चढून आला. दोन पावलांवर थांबला. उजवा हात वर केला. बोटात लग्नाची अंगठी होती.

“मला नाही चालत आता...” मग फक्त तिला ऐकू जाईल असं, “तेव्हा कुठे होतीस?”

“त्या खांबाआड. सगळा वेळ.”

टीलोनं वळून खांबाकडे पाहिलं. वीस पावलंसुद्धा नव्हती.

“सर रे पोरा,” बेकरीवाले हिन्रिख आजोबा धापा टाकत वर आले. “बायको जाऊन सात वर्षं झाली, मी चालतो!” त्यांनी वीब्केच्या गालाला पिठाळ मिशा टेकल्या. टाळ्या, शिट्ट्या, हशा.

वीब्के सुटली. तरी मुठीकडे वळून तिनं ती पुन्हा एकदा पुसली. लखलखत्या पितळेत चौक दिसत होता, खांब दिसत होता, आणि त्या खांबाजवळून लहान लहान होत जाणारी एक पाठ...

वर मनोऱ्यात ठोके पडले. अगदी वेळेवर.