तीन टिंबांच्या जागचे आकडे

मी भौतिकशास्त्र शिकलो आहे. या पानावरच्या भुताखेतांच्या बहुतेक हकिकती मला पटत नाहीत. ही घडली तेव्हा मी स्वतः तिथे होतो, म्हणून जशी घडली तशी लिहितो.

रात्र नव्हती. १९ नोव्हेंबर, दुपारचा पाऊण. ठिकाण रत्नागिरी, मिरकरवाडा बंदरासमोरची आमची प्रयोगशाळा.

मृणाली मयेकर माझी सहकारी. ऑगस्टमध्ये लेप्टोच्या तापाने चार दिवसांत गेली.

मे महिन्यात तिने बंदरातल्या पाण्याचे तापमान संपूर्ण एक दिवस, दर मिनिटाला नोंदवले होते. चौदाशे चाळीस आकडे. थंड पाणी बंदरात नेमके केव्हा शिरते, ते त्यांत स्पष्ट दिसत होते. मी तीन वर्षे तेच शोधत होतो. तिला आठ महिने लागले.

ती गेल्यावर तिची फाइल मी पुसली.

हे मी प्रथमच लिहितो आहे.

उरला एक छापील कागद. त्यात तिची घाई नडली होती. पायथॉन या संगणकभाषेतली तिची पद्धत आकड्यांची लांब रांग पूर्ण छापत नाही. पहिले तीन आकडे, शेवटचे तीन, आणि मध्ये तीन टिंबे. बाकीचे कागदावर येतच नाहीत.

त्यामुळे मी निर्धास्त होतो.

विभागप्रमुख दर्शना मॅडमनी त्या कागदावरून आकडे परत मिळवायला सांगितले. मिळाले, तर शोधनिबंध मृणालीच्या नावाने जाणार होता. नाहीतर तो विषय माझ्याकडे येणार होता.

तिचे वडील दादू, मासेमारीचा ट्रॉलर चालवणारे तांडेल, मॅडमच्या शेजारी माझ्यासमोर बसले होते.

"गावतील ना सर? पोरीचं नाव छापून येऊंदे एकदा."

प्रयत्न करतो, असे मी म्हणालो. मला अपयशच हवे होते, तेही साक्षीदारांसमोर.

कागदावरची ओळ मी जशीच्या तशी टाइप केली. पुढचा प्रोग्राम साधा होता. कंस काढायचे, मोकळ्या जागांवर ओळ तोडायची, प्रत्येक तुकड्याचा आकडा करायचा. तीन टिंबांचा आकडा होत नाही. तिथे लाल अक्षरांत त्रुटी येणार, हे निश्चित होते.

एंटर दाबले.

खाली बंदरावर मासळीसाठी बर्फ फोडण्याचा आवाज सकाळपासून चालू होता. तो... थांबला.

मग शेजारच्या रिकाम्या टेबलाच्या कडेवर...

टक्. टक्.

टाइप करताना मृणालीच्या हातातले स्टीलचे कडे असेच आपटत असे.

मॅडमनी मान वळवली. दादूंनी वळवली नाही. त्यांनी फक्त डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

पडद्यावर त्रुटी नव्हती.

रांगेची लांबी... १४४०.

मी टाइप केलेली ओळ तपासली. सहा आकडे, तीन टिंबे. इंटरनेट तोडले. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला.

१४४०.

दादूंनी पिशवीतून मृणालीची वही काढली. मे महिन्यातल्या त्या दिवशी ती जेटीवर बसून दर तासाला हाताने तापमापक बुडवून नोंद करत होती. वही मी पूर्वी कधीच पाहिली नव्हती. चोवीस नोंदी.

चोवीसही जुळल्या.

"हुशारच होती ती," मॅडम म्हणाल्या. माझ्याबद्दल तीन वर्षांत त्या असे कधी म्हणाल्या नाहीत. त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला.

जाताना दादू दारात थांबले.

"फाइल कशी गेली, ते मी इचारत नाय सर."

निबंध फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. तिचे नाव पहिले. माझे आभारांच्या यादीत, चौथे.

माझीही एक रांग हरवली आहे. हार्ड डिस्क बिघडली, तेव्हा दोन वर्षांच्या नोंदी गेल्या. मागे राहिला असाच एक कागद, मध्ये अशीच तीन टिंबे. प्रोग्राम तोच, संगणक तोच, वेळ दुपारी पाऊणची. आजवर एकसष्ट वेळा करून पाहिले.

दर वेळी लाल त्रुटी येते. शास्त्राप्रमाणे ती यायलाच हवी.

मी शेजारच्या टेबलाकडे पाहतो... आणि पुन्हा एंटर दाबतो.