कोणीच न बांधलेल्या खोल्या

"या शाळेचा इतिहास ना, मला झोपेत विचारा. झोपेत," असं सनावळी सरांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं आणि समोरच्या बाईंचं पेन सहज आपल्या खिशाला लावलं.

पेनाचं कोणी मनावर घेतलं नाही. सर इतिहास शिकवायचे, सगळ्या लढाया तारखांसकट तोंडपाठ, म्हणून मुलांनी नाव ठेवलं सनावळी. पेन पळवायची खोड मात्र अभ्यासक्रमाबाहेरची. त्यात वाईट हेतू नसायचा. हाताला पेन लागलं की ते खिशात जायचं, एवढंच. ऑफिसातल्या क्लार्कनं वैतागून आपलं पेन सुतळीनं टेबलाला बांधून ठेवलं होतं. सर ते खिशाला लावून बोलत बोलत निघाले, तेव्हा टेबलही हातभर दाराकडे सरकलं होतं.

"झोपेत विचारायचं तर पाचव्या तासाला यावं लागेल, सर," चित्रकलेचे तरुण मास्तर म्हणाले, आणि खोली हसली.

कारण जेवणानंतरच्या पाचव्या तासाला सरांची मान हळूहळू डावीकडे कलायची. डोळे मिटायचे. शिकवणं थांबायचं नाही. तहाची कलमं तशीच एकामागून एक येत राहायची, संथ आणि स्पष्ट. सर झोपेत जास्त चांगलं शिकवतात, असं मुलांचं मत होतं.

"मग बरंच झालं, सर," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे हेडमिस्ट्रेस. एकेकाळी त्या सरांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायच्या, त्यामुळे सरांशी बोलताना अजूनही उभ्या राहायच्या. "महिनाअखेरीला खात्याचे साहेब येणार आहेत. नेमके तुमच्या निरोपाच्याच दिवशी. शाळेचा इतिहास आणि विकास तुम्हीच सांगा त्यांना. कुठली खोली कधी झाली, कोणी बांधली."

"अगं, त्यात काय. पहिल्या तीन खोल्या सरकारनं बांधल्या. त्यानंतर गणिताची."

"ती कोणी बांधली?"

"हां?"

"गणिताची खोली, सर. कोणी बांधली?"

सरांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं, लावलं.

"बरं, गाण्याची?" बाईंनी मदत म्हणून विचारलं.

"चहा झाला का गं?" सर म्हणाले.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. खात्यानं नवा नियम काढला होता: प्रयोगशाळेला स्वतंत्र खोली नसेल तर दहावीचा वर्ग बंद. मुलांनी हमरस्त्यापलीकडच्या शाळेत जायचं. तो रस्ता ओलांडून निम्म्या मुलींना घरचे पाठवणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं, खात्याला सोडून. इथली प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालचं एक कपाट. त्यात काचेच्या नळ्या, एक सांगाडा, आणि सांगाड्याच्या अंगावर शिपायाचा रेनकोट, कारण दुसरी खुंटी नव्हती. मोठ्या बाई दरवर्षी एक खोली मागायच्या आणि खातं दरवर्षी नाही म्हणायचं. खात्याचं एवढं एकच काम वेळेवर व्हायचं.

सर त्या दुपारी शाळेत फिरले. इतकी वर्षं फिरत होते, पण पाहुण्यासारखे पहिल्यांदाच. सरकारी खोल्या सरळ, चौकोनी, गळक्या. त्यांच्यापुढे व्हरांडा लांबत गेला होता आणि त्याला एकेक खोली लागत गेली होती. गणिताच्या खोलीची तक्रार जुनीच: उजव्या बाजूला बसून कितीही ओरडा, फळ्यापर्यंत आवाज पोचतच नाही. चित्रकलेच्या खोलीच्या दोन पायऱ्यांतली एक आखूड, त्यामुळे प्रत्येक जण आत जाताना किंचित लंगडायचा. गाण्याच्या खोलीत कायम लवंगेचा वास. शिपायानं फिनेल ओतून बघितलं होतं. मग काही दिवस फिनेलाला लवंगेचा वास आला.

या नंतरच्या खोल्यांतली एकही गळत नव्हती. सरकारी शाळेत ही गोष्ट इतकी वर्षं कोणालाच खटकली नव्हती, याचं सरांना आता आश्चर्य वाटलं.

त्यांनी गवंड्याला बोलावलं. परिसरातलं सगळं बांधकाम त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं.

"या तुझ्या वडिलांनी बांधल्या ना रे?"

"वडिलांचं काम असतं तर गळलं असतं, सर," गवंडी म्हणाला. त्यानं गाण्याच्या खोलीच्या भिंतीवर कौतुकानं अंगठा फिरवला. कोपऱ्यापर्यंत नेला. मग हात एकदम मागे घेऊन पायजम्याला पुसला.

"काय झालं?"

"सांधा कुठंच नाही याला."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी येतो, सर."

जाताना त्याची थापी राहिली. न्यायला तो परत आला नाही.

मग खात्याचा इंजिनियर. तो गणिताच्या खोलीतच बसून चहा पीत होता.

"आमच्याकडून तीन खोल्या. नंतर एकही मंजूर नाही," तो म्हणाला. "रेकॉर्ड एकदम स्वच्छ आहे आमचं."

"अहो, मग तुम्ही बसलाय ती?"

"ही नाहीच आहे, सर. नकाशात कुठंय?" त्यानं बशीत चहा ओतला. "नसलेल्या खोलीची दुरुस्ती मागू नका म्हणजे झालं. तेवढं सांभाळा."

सरांची झोप उडाली, पाचव्या तासाचीसुद्धा. सलग दोन दिवस ते जागेपणी शिकवत होते आणि मुलांनी घरी तक्रार केली. शेवटी त्यांना सुचलं, रिटायर झालेल्या जुन्या शिक्षकांनाच का विचारू नये. समारंभाला बोलावणंही होईल. त्यांनी गणिताच्या सरांच्या मुलाला फोन लावला.

"बाबा?" मुलगा म्हणाला. "ते तर तिकडेच असतात ना."

"तिकडे कुठे?"

"शाळेत. रिटायर झाल्यापासून. आईच म्हणाली होती. काका, एक सांगू? त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडून बोलू नका. त्या कानानं त्यांना ऐकू येत नाही."

सरांनी फोन ठेवला. हातातलं पेन क्लार्कचं होतं; आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते जागेवर ठेवलं. क्लार्क घाबरला.

गाण्याच्या बाईंची बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. गोड बाई. तिनं सरांना बसवलं, पाणी दिलं.

"ताईला बोलवायचंय होय समारंभाला? ती कुठली येते. तिला आता हलायला नाही जमत."

"आजारी आहेत का?"

"छे हो. छान आहे. परवाच भेटून आले. माझं जाणं असतंच अधूनमधून. जरा वेळ बसते, विणकाम करते. ती ऐकत असते."

"कुठे भेटलात?"

"अहो, तुमच्याच शाळेत."

"पण त्या तिथे कुठे असतात आता? तिथे गाण्याची खोली आहे फक्त."

"हो," बहीण म्हणाली. "तीच."

तिनं एक छोटी डबी सरांपुढे केली. "लवंग घेता? घसा धरला की ताईला लागायची. सतत एक गालात धरलेली असायची, आठवतं ना?"

सरांना आठवत होतं. चित्रकलेचे जुने मास्तर पायानं किंचित लंगडायचे, हेही आठवलं. रस्त्यानं परत येताना त्यांना सगळंच आठवत गेलं: कोणाचा निरोपसमारंभ कधी झाला, आणि त्यानंतर कुठल्या सोमवारी मुलं कुठल्या नव्या खोलीत जाऊन बसली. कोणी विचारलं नव्हतं. सरकारी शाळेत जागा मिळाली की माणूस बसतो. विचारायला गेलं तर जागा जाते.

रात्री त्यांनी बायकोला सांगितलं. त्यांचा बेत ठरलेला होता: रिटायर झालं की शाळेच्या दारातूनच दोघांनी लेकीकडे जायचं. बायको बॅग भरत होती. तिचा हात थांबला.

"तुम्हाला काय वाटतं?"

"इतिहासात पुरावा लागतो," सर म्हणाले. "नुसत्या आठवणीवर..."

"पुरावा गेला खड्ड्यात. निरोप घ्यायचा, गुच्छ घ्यायचा आणि सरळ बाहेर यायचं. मी फाटकात उभी असेन. आणि भिंतीला पाठ लावायची नाही."

"मी कशाला लावीन?"

"अहो, मी ओळखते ना तुम्हाला. दुपारचं जेवण झालं की तुम्हाला कुठलीही भिंत चालते."

निरोपाच्या दिवशी साहेब आलेच नाहीत. सकाळी निरोप आला, पुढच्या आठवड्यात येतो. त्यामुळे इतिहास आणि विकास ऐकायला शाळेतलीच माणसं होती. सरांनी सरकारच्या तीन खोल्या सांगितल्या आणि पुढे "मग शाळा वाढत गेली" एवढंच म्हणाले. भाषणं झाली. प्रत्येक वक्त्याच्या भाषणात आपापल्या पेनाचा उल्लेख होता.

शेवटी नववीतली एक मुलगी पहिल्या बाकावरून उभी राहिली. तिला आभार मानायचे होते. मानले. मग ती म्हणाली, "सर, पुढच्या वर्षी दहावीला आम्ही कुठे बसायचं?"

"बघू," सर म्हणाले. "काहीतरी करू."

"तुम्ही तर चाललात."

सगळ्यांना ते ऐकू गेलं. सरांनी गुच्छ या हातातून त्या हातात घेतला.

बाहेर आले तेव्हा ऊन चढलं होतं. जेवण झालेलं. पाचव्या तासाची घंटा वाजत होती. फाटकात बायको बॅगांपाशी उभी दिसत होती. तिनं हात हलवला. सरांनीही हलवला. आणि ते व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागले, जिथे शाळा संपत होती.

"सर?" मोठ्या बाई मागून आल्या. "फाटक इकडे आहे."

"आलोच. जरा पाठ टेकतो. पाच मिनिटं."

"भिंतीला नको, सर. मी खुर्ची आणते."

"आण की," सर म्हणाले. "पहिल्या बाकावर बसायचीस तेव्हाही तुझी धावपळच."

त्या गेल्या.

सर खाली बसले. भिंत ऊन होती, नुकतंच कोणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

लवंगेचा वास आला.

आतून कोणीतरी खाकरलं.

सरांना भीती वाटायला हवी होती. ती त्यांनी शोधलीसुद्धा. सापडली नाही. खिशात पेनं तेवढी भरपूर होती.

मान डावीकडे कलली.

"जरा सरकता का?" सर हळूच म्हणाले.

मोठ्या बाई खुर्ची घेऊन आल्या तेव्हा तिथे गुच्छ होता.

सोमवारी मुलं आली आणि नव्या खोलीत जाऊन बसली. मोठी, हवेशीर, भिंतीत काचेच्या नळ्यांसाठी फळ्या, सांगाड्यासाठी वेगळा कोपरा आणि शिपायाच्या रेनकोटासाठी खुंटी. कोणी काही विचारलं नाही. मोठ्या बाई तेवढ्या दारात बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या खोलीत त्या अजून बसत नाहीत.

सरांची बायको रोज दुपारी येते. शेवटच्या बाकावर बसते. "डावीकडची खिडकी उघडी ठेवा रे, त्यांना उकडतं," असं मुलांना सांगते. लेकीचा फोन आला, बाबा कुठे आहेत म्हणून, तेव्हा ती म्हणाली, "शाळेत," आणि जावयाची चौकशी केली.

पुढच्या आठवड्यात साहेब आले. त्यांनी टेपनं खोली मोजली. नियमात जेवढी हवी तेवढीच भरली, इकडे नाही तिकडे नाही. पाचवा तास होता. अहवाल लिहायला ते टेबलाशी बसले, आणि दोन ओळी लिहून त्यांची मान डावीकडे कलली.

डोळे मिटल्यावर साहेब बोलायला लागले. "पहिल्या तीन खोल्या सरकारनं बांधल्या," ते म्हणाले, संथ आणि स्पष्ट. "त्यानंतर गणिताची." ती कोणी बांधली ते त्यांनी सांगितलं. चित्रकलेची सांगितली. गाण्याची सांगितली. वर्गानं वह्या उघडल्या. शेवटच्या बाकावर सरांच्या बायकोनं विणकाम मांडीवर ठेवलं आणि इतिहास संपेपर्यंत ती ऐकत राहिली.

तासाची घंटा झाली तसे साहेब जागे झाले. खोली उत्तम आहे म्हणाले. दहावीचा वर्ग चालू ठेवायला त्यांची हरकत नव्हती. सही करायला त्यांनी टेबल बघितलं, खिसा बघितला, बॅग बघितली.

साहेबांचं पेन सापडलं नाही. मोठ्या बाईंनी क्लार्कचं सुतळीला बांधलेलं पेन मागवलं, त्यानं सही झाली. नंतर बघितलं तर सुतळीच होती.