कमलम्माला लावलेले डोळे

तनुजा माझी मावसबहीण. हे सांगताना ती दोनदा उठून मोरीत जाऊन ओकून आली. त्यामुळं खरं की खोटं, ते मला विचारू नका.

मागच्या मे महिन्यातला मंगळवार होता. दुपारचे बारा. मुखेडच्या बसस्टँडवर उन्हानं कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. स्टँडच्या मागं फ्लेक्सचं एक दुकान आहे, तिथं तनुजा डिझायनर होती. वाढदिवसाचे बॅनर, लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फोटो.

त्या दिवशी कॉम्प्युटर हलेना.

माऊस सरकवला की बाण पाच सेकंदांनी सरकायचा. तिनं टास्क मॅनेजर उघडला. मेमरी सत्त्याण्णव टक्के!

फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर तिनं सकाळपासून उघडलंच नव्हतं. तरी तेच मागं गुपचूप चालू होतं आणि सगळी मेमरी खात होतं.

तिनं ते बंद केलं. आकडा उतरला. तीस… पंचवीस…

मग आपोआप चढायला लागला.

चाळीस… सत्तर… सत्त्याण्णव.

मशीन बंद करून परत चालू केली. तेच.

आणि मग… वास यायला लागला.

गोडसर. उन्हात फुटलेल्या फणसासारखा, पण खाली काहीतरी कुजल्यासारखा. तिनं ओढणी नाकाला लावली आणि मल्लेशला फोन केला. मल्लेश मूळचा देगलूरचा, पण मुखेडातले सगळे कॉम्प्युटर तोच दुरुस्त करायचा.

"ताई, उंदीर मेला का काय ह्यात?" आल्या आल्या तो म्हणाला.

त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला.

उंदीर नव्हता… आतल्या पंख्यात लाल मुंग्या होत्या. मूठभर. ओल्या. एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झालेला. मल्लेशनं फडक्यानं पुसलं तर फडक्याला चिकट तार सुटली. त्यानं ते फडकं तसंच बाहेर भिरकावलं आणि कितीतरी वेळ हात धुतले.

मग त्यानं व्हायरस शोधला. नव्हता. शेवटी ते सॉफ्टवेअर नेमकं कशावर काम करतंय ते बघितलं.

"एकच फाईल धरून बसलंय. चार दिवसांपूर्वीची. तुम्हीच केलेली हाय की, ताई."

फाईलचं नाव होतं, कमलम्मा.

तनुजानं ओढणी नाकावर आणखी दाबली.

चार दिवसांपूर्वी जळकोटकडचा मडिवाळप्पा नावाचा माणूस आला होता. त्याची आई कमलम्मा वारली होती. त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात; तशी शेतात माती दिली होती. म्हातारीचा धड असा एकही फोटो नव्हता. आधारकार्डावर नुसता काळा डाग. म्हणून माती द्यायच्या आधी मोबाईलवर काढलेला फोटो त्यानं आणला.

नाकात कापूस. तोंड अर्धवट उघडं. ओठांच्या कोपऱ्यात मुंग्यांची बारीक रांग.

"डोळे तेवढे उघडून द्या," तो म्हणाला.

दुकानात असली कामं यायचीच. तनुजानं फोटोतला कापूस काढला, मुंग्या पुसल्या, तोंड मिटवलं. डोळे कुठून आणायचे? दुकान झाडायला कोंडाबाई यायची. कमलम्माच्याच वयाची. तनुजानं हसत हसत तिचा एक फोटो काढला आणि डोळे कापून मेलेल्या बाईला लावले.

कोंडाबाईला विचारलं नाही. त्यात काय विचारायचं, असं तिला वाटलं.

मल्लेशनं फाईल उघडली. तनुजानं त्या फोटोवर एकावर एक असे नऊ थर केले होते. आता तिथं चारशेच्या वर थर होते…

आणि बघता बघता अजून एक वाढला.

मल्लेश एकेक थर उघडत गेला. कमलम्माचाच चेहरा. पहिल्यात गाल जरा सुजलेला. पुढं ओठ काळे पडलेले. त्याच्या पुढं नाकातून पाणी. मग कातडी सुटलेली, गालाला भोक, भोकात काहीतरी पांढरं वळवळताना टिपलेलं.

डोळे मात्र ताजे. पाणीदार.

आणि प्रत्येक थरात ते थोडे थोडे इकडं वळत होते.

"मी निघतो, ताई," मल्लेश म्हणाला. पेचकस टेबलावर तसाच टाकून तो गेला.

तेवढ्यात दारात कोणीतरी भिंत चाचपत आलं. कोंडाबाई होती. चार दिवस कामावर आली नव्हती. पापण्या पिवळ्या चिपडांनी भरलेल्या.

"पोरी, दवाखान्यात नेतीस का? मला काय दिसंना गं."

"काहीच न्हाई?"

"माती दिसायलीय. लई जवळून. आन् मुंग्या… बुबुळावरून चालायल्यात. हातानं झटकते, तर हाताला कायबी लागंना."

तनुजानं पडद्याकडं बघितलं. पडद्यावरचे डोळे आता सरळ कोंडाबाईकडं बघत होते.

"मावशी, मी तुमचे डोळे घेतले," ती रडत म्हणाली. "फोटोतले. एका बाईला लावले."

"कुठल्या बाईला?"

"मेलेल्या."

 कोंडाबाई बाजूला थुंकली.

तनुजानं फाईल काढून टाकायला बघितली. वापरात आहे, काढता येत नाही, असं आलं. मग तिनं खालपर्यंत जाऊन डोळ्यांचा तो पहिला थर शोधला आणि पुसला. पडद्यावर दोन खोबण्या राहिल्या.

आकडा पडला. सत्त्याण्णव… साठ… एकवीस. वास गेला.

"दिसायलंय," कोंडाबाई म्हणाली.

गोष्ट इथं संपायला हवी होती.

पण दुसऱ्या दिवशी कोंडाबाईनं सांगितलं, डोळे उघडे असले की सगळं दिसतंय. मिटले की परत माती. म्हणून ती रात्रभर डोळे न मिटता बसली होती.

तिचे डोळे लावलेला, फ्रेम केलेला फोटो मडिवाळप्पाकडं गेलेला होता. तनुजा बसनं जळकोटला गेली, तिथून त्याच्या गावी. फोटो परत मागितला, दुसरा करून देते म्हणाली, हात जोडले.

"न्हाई, ताई," मडिवाळप्पा म्हणाला. "लई झकास झालाय. घरात कुठंबी जा, आई बघतीच. पोरंबाळं रोज बोलायलीत तिच्यासंगं. तो कसा देऊ?"

तनुजानं ते काम सोडलं. दर आठवड्याला ती कोंडाबाईला डोळ्यांत घालायचे थेंब नेऊन देते.

मागच्या रविवारी मीही गेले होते. कोंडाबाई खाटेवर झोपली होती. घोरत होती. डोळे सताड उघडे…

एक माशी येऊन उजव्या बुबुळावर बसली. तिथंच पाय घासत राहिली.

पापणी हलली नाही.

तनुजानं हातानं माशी हाकलली आणि बाहेर जाऊन ओकली. मी तिथंच उभी होते. मला त्या डोळ्यांकडं बघवत नव्हतं, आणि पाठ फिरवायचीही हिंमत होत नव्हती.