चौकटीच्या डावीकडे

फोन वाजला तेव्हा मी न्हाणीघरात फिल्मचा डबा हलवत होतो. रसायन ओतलं की आठ मिनिटं तो हलवत राहावा लागतो. त्यातली पाच झाली होती. बुधवार होता, दुपारचे अडीच. भावनगरात त्या वेळेला दुकानं बंद असतात आणि माणसं जेवून आडवी झालेली असतात. ज्याला काम असेल तो पुन्हा करील, असं म्हणून मी फोन वाजू दिला. उरलेली तीन मिनिटं नेमाने पुरी केली, मग उचलला.

शिहोरच्या बसस्थानकावरून कंडक्टर बोलत होता. खिडकीशी बसलेल्या एक बाई उतरल्याच नाहीत. हाका मारल्या, हलवून पाहिलं. पर्समध्ये हा नंबर मिळाला. आपण त्यांचे कोण?

“भाऊ,” मी म्हणालो.

ती फिल्म छान आली होती.

सरयूबेन माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी तिला मोटीबेन म्हणायचो. दोघांचीही लग्नं झाली नाहीत, म्हणून घर एकच राहिलं. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळे निम्मं गाव तिच्या हाताखालून गेलेलं. मला नाद फोटोंचा, आणि तोही बेसावध माणसांच्या फोटोंचा. पण कॅमेरा दिसला की माणूस बेसावध राहत नाही. केस सारखे करतो, पोट आत घेतो. यावर तोड मोटीबेननेच काढली. मी कॅमेरा डोळ्याला लावायचा, आणि तिने माझ्या डावीकडे तीन पावलांवर उभं राहून समोरच्याला बोलण्यात गुंतवायचं. कोथिंबीर शिळी दिसते, एवढं म्हटलं तरी आमच्या नाक्यावरची भाजीवाली जीवीमा पाच मिनिटं भांडायची. तेवढ्यात माझे चार फोटो होत. “तू मचाणावर, आणि मी खाली बांधलेली बकरी,” मोटीबेन म्हणायची. एकवीस वर्षं दर रविवारी आम्ही असेच हिंडलो.

बेसण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या दिवशी लोक पांढऱ्या कपड्यांत येतात आणि समोर ठेवलेल्या फोटोला हात जोडतात. तिचा तसा फोटोच नव्हता. दोन दिवस मी निगेटिव्ह चाळत बसलो. हजारो होत्या. एकीत तिचं कोपर होतं, एकीत छत्रीची सावली. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून लावला. त्यात ती कुणी दुसरीच बाई होती. मासी, आमच्या आईची बहीण, बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसल्या. जाताना म्हणाल्या, “आख्ख्या गावाचे काढलेस ना रे.”

एवढंच म्हणाल्या. पण तेव्हापासून मला तिचा एक फोटो हवा होता. एकच, तिच्यासारखा दिसणारा.

तेराव्यानंतरच्या रविवारी कॅमेरा उचलला. आत अर्धी फिल्म होती, चौदा फोटो झालेली. आमचा शेवटचा रविवार. अर्धी फिल्म वाया घालवायची सवय नाही. उरलेले बावीस संपवावेत म्हणून सकाळी एकटाच निघालो. कुणाशी बोललो नाही. काम सोपं गेलं. एकानेही केस सारखे केले नाहीत. दुःखातल्या माणसाकडे लोक मुद्दाम बघत नसतील, असं वाटलं.

संध्याकाळी सगळे छत्तीस फोटो एका कागदावर बारीक छापून घेतले. पहिल्या चौदांमध्ये माणसं नेहमीसारखी माझ्या डावीकडे बघत होती, जराशी खाली, कारण मोटीबेन बुटकी. पंधराव्यातही तेच. आकडा मोजायला चुकलो, असं मनाशी म्हटलं. मग एकोणिसावा पाहिला. त्यात नाक्यावरचा काळा फळा होता. गल्लीत कुणी गेलं की त्यावर खडूने लिहितात. सरयूबेन, असं नाव, आणि बेसण्याची वेळ. अजून कुणी पुसलं नव्हतं. त्याच्या खाली धीरू इस्त्रीवाला उभा होता. मान वाकवून, दात दाखवून, माझ्या डावीकडे कुणाशी तरी हसत होता.

मी भिंग घेतलं. ओल्या कागदाचा आंबट वास खोलीभर होता. पंधराव्या फोटोतली नजर तीन पावलांवरची. चोविसाव्यात ती दोन पावलांवर आली होती. तिसाव्यात माझ्या कोपराशी. छत्तिसाव्यात लाभुभाई चहावाला जवळजवळ कॅमेऱ्यातच बघत होता. बोटभर अंतर असेल. त्याने पुढे केलेल्या हातांत चहाच्या दोन बशा होत्या.

मी एकच प्यायलो होतो.

दुसऱ्या दिवशी धीरूला विचारलं. तो गोंधळला. म्हणाला, मी कुठे हसलो, तुम्ही आलात, मान हलवलीत आणि गेलात. लाभुभाईलाही काही आठवेना. बशा मात्र त्याने पुन्हापुन्हा पाहिल्या, आणि कागद परत देताना माझ्या हाताला हात लागू दिला नाही.

राहिली जीवीमा. ती महिनाभर लेकीकडे महुव्याला होती, शनिवारीच परतलेली. वाचता येत नाही, म्हणून फळा तिच्या कामाचा नव्हता. दुपारी नाक्यावर गेलो तेव्हा बाजार झोपला होता. चैत्राचं ऊन पांढरं पडलं होतं. ती गाड्याखाली गोणपाटावर बसून कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होती. मी तिच्या फोटोवर, सोळाव्यावर, बोट ठेवलं आणि विचारलं, काल सकाळी काय बोलणं चाललं होतं. कुणाशी, ते विचारलं नाही.

“कोथिंबिरीवरूनच. तुझ्या बेनला दुसरं काय सुचतं?” ती म्हणाली. “पण आवाज फार बसलाय रे तिचा. नीट ऐकूच येत नाही... आलं-मध चाटव.”

मी बरं म्हणालो.

“तुझ्याबद्दलच सांगत होती.”

“काय?”

“म्हणे, एवढी वर्षं याच्या शेजारी उभी आहे, एकदा इकडे वळला नाही. आता वळ म्हणते, तर त्याला ऐकूच जात नाही.” जीवीमा हसली. मग माझ्या बाजूला बघून तिने पदर डोळ्यांवर ओढला, ऊन लागल्यासारखा. “तू गाड्याच्या सावलीत, आणि तिला तिथे उभी केलीस... डोक्यावर पदरही नाही. आत तरी घे तिला.”

कॅमेरा गळ्यात होता. फिल्म नवी भरलेली होती. मी जीवीमाकडे बघत राहिलो, ती माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत राहिली.

आता दिवाळी जवळ आली आहे. दर रविवारी मी बाहेर पडतो. लोक मनमोकळे बोलतात, हसतात, फोटो पूर्वीपेक्षा चांगले येतात. मोटीबेनचा फोटो मी अजून काढलेला नाही.