सगळे सेवक ठीक आहेत

चंद्रावरच्या त्या वसाहतीत दार माणसाचं ऐकत नसे, ते फक्त हवेचं ऐकत असे. त्यामुळे कोठीचं दार मागे बंद झालं आणि उघडेना, तेव्हा प्रणोतीताई खैऱ्यांनी त्याला घातलेल्या शिव्या फुकट गेल्या.

ताई वसाहतीच्या स्वयंपाकीण. लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी उद्याच्या यानानं पृथ्वीवर निघाल्या होत्या. लाडवांसाठी डिंक हवा होता, तो वरच्या फळीवर, म्हणून निषाद गोगट्यांना मदतीला घेऊन आल्या होत्या.

आणि गंमत बघा, वसाहतीची सगळी रचना याच गोगट्यांची! तिथलं प्रत्येक काम एकेक 'सेवक' करी. सेवक म्हणजे एकच काम जाणणारा छोटा प्रोग्रॅम. कुणी दुसऱ्याच्या आत डोकावायचं नाही, फक्त विचारायचं आणि मिळेल त्या उत्तरावर विश्वास ठेवायचा.

"उघडत का नाही मेलं?"

"आपण आत आलो तेव्हा माणसं मोजणारा सेवक नेमका दुरुस्तीत होता," गोगटे म्हणाले. "त्याच्या लेखी खोली रिकामी आहे. म्हणून हवेचा सेवक हवा काढून घेतोय. हवा विरळ, म्हणून दार उघडत नाही. आणि दार उघडल्याशिवाय मोजणारा पुन्हा मोजत नाही."

"मग बाहेर कळवा की!"

"रिकाम्या खोलीतून आलेला निरोप निरोप्या सेवक टाकून देतो. बाहेर सगळे दिवे हिरवे असतील. प्रत्येक सेवक आपापल्या जागी बरोबरच आहे हो."

"जळ्ळं तुमचं बरोबर! झाकण ठेवलं म्हणून आतलं करपायचं थांबतं का?"

कामाचे तुकडे केले की ते एकमेकांपासून सुटे होतात, असं गोगट्यांनी आयुष्यभर मानलं होतं. गाठ होती तिथेच होती, तुकड्यांच्या मधे, जिथे कुणीच बघत नव्हतं. आता ते घाबरले होते.

एकच वाट उरली होती. मनगटावरच्या पट्ट्यावरून सोबत्याच्या मृत्यूची नोंद करता येई. ती निरोप्याला वगळून थेट सगळ्या सेवकांना पोचे, आणि प्रेत बाहेर नेण्यासाठी दार हवेला न विचारता उघडे. स्वतःची नोंद मात्र स्वतः करता येत नसे.

"माझी करा," गोगटे धापा टाकत म्हणाले.

"आणि मग दुरुस्ती कोण करणार? मी? माझीच करा. उद्यापर्यंत जिवंत केलंत म्हणजे झालं."

"दोन ओळींचं काम आहे, ताई."

दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी यानाच्या दारानं ताईंना घेतलं नाही. मृत्यूची बातमी प्रत्येक सेवकानं आपल्या पोटात जपून ठेवली होती. गोगट्यांनी एकाला दुरुस्त केलं की तो शेजाऱ्याला विचारी, आणि शेजारी सांगे, त्या गेल्या. मेलेलं माणूस परत येतं, असा निरोपच कुणाला शिकवलेला नव्हता. यान सुटलं. लाडवांचा डबा कवटाळून ताई धक्क्यावरच खाली बसल्या.

मृत्यूची बातमी लेकीलाही गेलीच होती. गोगट्यांनी स्वतःच्या नावानं तिला फोन लावला.

"तुमची आई जिवंत आहे. इथे माझ्या शेजारीच आहे."

पलीकडे हुंदका थांबला. "मग आवाज ऐकवा तिचा."

"अगं बाळा, मी बोलतेय!" ताई ओरडल्या. "रडू नकोस गं, मी आहे ना!"

निरोप्यानं आपलं काम चोख केलं. मृत व्यक्तीचा आवाज त्यानं पुढे पाठवला नाही.

बराच वेळ शांतता ऐकून लेक म्हणाली, "काका, आज तरी अशी चेष्टा करू नका." आणि तिनं फोन ठेवला.