हद्दीवरची माणसं

रिकाम्या आळीचा फोटो आभाळातून काढला तर त्यात काय दिसावं, सांगा बरं? पत्रे दिसतील. वारं सुटल्यावर ते उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड दिसतील. अंगणातली वाळत चाललेली तुळस दिसेल. दारावरचं कुलूप मात्र वरून दिसत नाही, आणि जो माणूस घरातच नाही, तो तर दिसायचाच नाही. अंजनालाही तसंच वाटत होतं.

शिरूर कासारच्या खालच्या आळीत दसरा झाला की कुलपं लागतात. मुकादमाचा ट्रक येतो आणि भांडीकुंडी, शेरडं, लेकरं घेऊन सगळी आळी ऊसतोडीला जाते. ती परत येते उन्हाळ्याच्या तोंडाला. या वर्षी अंजनाचा गुडघा धरला होता, म्हणून तिचा नवरा नाथा एकटाच गेला आणि ती मागं राहिली. ट्रकमध्ये चढता चढता एकेक बाई तिच्या हातात किल्ली देत होती आणि सांगत होती, "मोजणीवाले आले की आमच्या जागेची हद्द तेवढी दाखव, माय."

कारण यंदाची मोजणी ड्रोननं होती. ज्यानं त्यानं आपल्या जागेच्या कोपऱ्यांवर चुन्याची खूण करायची, वरून फोटो निघणार, आणि त्या फोटोवरून नकाशा. आळीतल्या घरांना पुढं अंगण होतं आणि मागं मोकळं परस होतं. परसाच्या पलीकडं अमरसिंहाचं गोदाम. त्यानं आपली चुन्याची रेघ थेट घरांच्या मागच्या भिंतींना आणून चिकटवली होती. परसात कुणाची खूण दिसली नाही, तर अख्ख्या आळीचं परस त्याच्या रेघेत जाणार होतं.

अंजनानं सकाळी लंगडत लंगडत, आठवेल तशा, साऱ्या घरांच्या खुणा केल्या. दुपारी अमरसिंहाचा ट्रॅक्टर परसातून गेला, परत आला, पुन्हा गेला. चुना मातीत मिसळला.

"दादा, हे कावून केलं?" अंजनानं विचारलं.

"वाट हाय, ट्रॅक्टर जाणारच की." अमरसिंह गोदामाच्या ओट्यावर बसून दात कोरत होता. "आन हद्द अशी चुन्यानं ठरती व्हय, अंजनाबाई? हद्दीवर उभं राहाया माणूस लागतंय. हायेत का कुनी? असतील तर बोलवा."

घरातला चुना संपला होता. बाजार गावाच्या त्या टोकाला, आणि गुडघा तर असा.

दिवस कलताना बीडहून सायली आली. ड्रोन उडवणारी, चोवीस-पंचवीसची पोरगी. सकाळपासून ती वरच्या आळ्यांवर ड्रोन फिरवत होती आणि आता तिच्याकडं एकच बॅटरी शिल्लक होती. अंजनाच्या अंगणातून तिनं ते यंत्र वर सोडलं. गांधीलमाशीसारखं घोंगावत ते आभाळात गेलं आणि ठिपका होऊन थांबलं. वारा पडला होता. दारांवरच्या दसऱ्याच्या झेंडूचा सुकलेला, उग्र वास येत होता.

सायली हातातल्या पडद्याकडं पाहत म्हणाली, "काकू, लोकांना जरा आत जायला सांगा ना. फोटोत माणसं नकोत. परत उडवायला बॅटरी नाही माझ्याकडे."

"कोन्ती लोकं?"

"ही काय, घरांच्या मागं. कोपऱ्या-कोपऱ्यावर उभी आहेत."

"पोरी, आळीत मी एकटी हाय."

सायलीनं मान वळवून घरांच्या मधल्या बोळातून मागं पाहिलं. परस मोकळं होतं. वाळलेलं गवत, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. तिनं पुन्हा पडद्याकडं पाहिलं आणि तो अंजनापुढं धरला.

वरून नुसती डोकी दिसत होती. एक गुलाबी फेटा. एक हिरवा पदर. काठीवर वाकलेली एक पाठ. दोन घरांच्या मधे एक, पुढं पुन्हा एक, अशी सगळ्या परसाला धरून माणसं उभी होती. बाभळीची सावली लांबच लांब पडली होती. माणसांची सावली पडली नव्हती.

गुलाबी फेटा आळीतल्या थोरल्या बंकटमामांचा. ते गेले तेव्हा तो त्यांच्याबरोबर सरणावर ठेवला होता. आणि अंजनाच्या घरामागं, डावा हात कमरेवर दाबून उभी होती छबुबाई, तिची वारलेली सासू. मोजणीला घरमालकानं आपल्या कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं असतं, तशीच सगळी उभी होती. निमूट.

"काकू... कोण आहेत ही?"

"ज्यांनी ही आळी वसवली ती." अंजनाचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. तिनं नकळत डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

त्याच वेळी पडद्यावरच्या सगळ्यांनी एकदम माना वर केल्या.

अंजनाला भीती वाटली, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीत दाटून आलं. देवळाचा गाभारा उघडताना होतं तसं. ती घरात गेली आणि ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन बाहेर आली.

"तू हितनं सांग. कुटं कोन उभं हाय, ते सांग नुस्तं."

ती परसात उतरली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. डोक्यावर घोंघों, आणि अंगणातून सायलीचा दबका आवाज. "डावीकडं... अजून थोडं... थांबा. काकू, ते तुमच्या अगदी समोर आहेत."

तंबाखूचा वास आला. ओळखीचा. ऊन अजून अंगावर होतं, पण तिथली हवा रांजणाजवळ असते तशी गार होती.

"मामा, हितं खूण करते बरं का," अंजना पुटपुटली आणि मूठभर पीठ तिनं जमिनीवर ठेवलं.

"ते वाकून बघतायत..." सायली म्हणाली. "काकू, गेले ते. आता तिथं कुणी नाही."

असं एकेका कोपऱ्यावर. कुठं शिकेकाईचा वास, कुठं चुलीच्या धुराचा. सकाळी अंजनानं आठवणीनं केलेल्या खुणा काही ठिकाणी चुकल्या होत्या. आता त्या बरोबर जागी पडत होत्या. पीठ ठेवलं की पडद्यावरचा माणूस नाहीसा व्हायचा. डबा तळाला गेला तेव्हा ती आपल्या घरामागच्या शेवटच्या कोपऱ्यावर आली. पीठ ठेवलं, हात जोडले.

"झालं का गं?"

सायलीनं पडदा डोळ्यांजवळ नेला.

"पोरी?"

"फोटो निघाला, काकू. खुणा सगळ्या आल्यात. पण... ह्या आजी गेल्या नाहीत." ती बोळाच्या तोंडाशी आली. "तुम्ही चाला बरं जरा."

अंजना दोन पावलं चालली.

"त्या तुमच्या मागं येतायत."

अंजनानं मागं वळून पाहिलं नाही. पाठीला गार वाटत होतं. ती हळूहळू बोळातून अंगणात आली. तिचा गुडघा आता दुखत नव्हता. दाराशी येऊन ती उंबऱ्याच्या एका कडेला झाली, सासू घरात शिरताना व्हायची तशी.

"येऊ दे," ती म्हणाली. "तिचंच घर हाय."

ड्रोन खाली उतरला. सायलीनं तो पेटीत ठेवला आणि दिवस बुडायच्या आत ती निघून गेली. गोदामाच्या ओट्यावरून अमरसिंह हे सगळं पाहत होता. पिठाचा डबा घेऊन रिकाम्या जागेशी बोलणारी बाई पाहून तो आधी हसला होता. मग हसायचा थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीचे साहेब आले. पीठ जिथं जिथं ठेवलं होतं, तिथं तिथं पहार मारली, आणि प्रत्येक ठिकाणी जमिनीत पुरलेला हद्दीचा जुना दगड लागला. अमरसिंहानं चप्पल काढून हातात घेतली आणि पायानं आपली रेघ पुसली. आळीतल्या सगळ्या कुलूपबंद घरांपुढं पहाटे, अंजना उठायच्या आधीच, कुणीतरी शेणाचा सडा टाकला होता आणि तो अजून ओला होता.