बर्टीमामाचा खोकला

पटो न पटो, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. नॉरफोकमधल्या ऑल्डरविक गावात, नोव्हेंबरातल्या एका रविवारी, भर सकाळी, माणसांनी भरलेल्या चर्चमध्ये.

सुरुवात आदल्या वर्षी झाली.

एका दुपारी लेटीमावशी चर्चमधली पितळी पाटी घासत होती. पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या पोरांची नावं होती त्यावर. चर्चमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

आणि मागून...

खोकला.

ओला. खोल. छाती फाडणारा.

मावशी जागच्या जागी थिजली. तो खोकला तिने लहानपणी भिंतीपलीकडून ऐकला होता. तिच्या भावाचा. बर्टीमामाचा.

मामा फ्रान्सहून परतला तो फुप्फुसात विषारी वायू घेऊन. घरीच खंगत गेला. आजी पाटीवर त्याचं नाव मागायला गेली, तेव्हा स्मारक समितीचे प्रमुख पिमलट तिला म्हणाले होते, "बाई, खाटेवर मेलेल्याचं नाव लावलं, तर उद्या कुणीही मागायला येईल."

आजी पुन्हा चर्चची पायरी चढली नाही.

मावशीने सगळे बाक पाहिले. रिकामे.

फक्त एका बाकापुढे, गुडघ्याखाली घ्यायची उशी खाली काढलेली होती...

त्यावर ताजं रक्त.

"कबुतर जखमी असेल, लेटी," पाद्री म्हणाले.

"कबुतरं खोकत नाहीत हो."

पिमलट कधीच वारले होते. समिती आता त्यांची म्हातारी मुलगी, पिमलटबाई, बघायची. तिने तोंड वाकडं केलं. "इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढतेस?"

"मी कुठे? तोच गप्प बसत नाहीये."

मावशीने पिच्छा सोडला नाही. शेवटी मामाचं नाव कोरलं गेलं. अगदी तळाशी, बारीक अक्षरात.

मग नोव्हेंबरातला तो रविवार आला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा. पाद्रींनी नावं वाचली. मामाचं सर्वांत शेवटी. सगळे मौन धरून उभे राहिले. मावशीने माझा हात घट्ट धरला.

खोकला आला नाही.

तिची पकड सैल झाली.

आणि तेवढ्यात...

करकर.

वर, तुळईपाशी. सावकाश. दोराला काहीतरी जड टांगलंय आणि ते झोके घेतंय, तसं.

सगळ्यांनी वर पाहिलं. दोर नव्हता. काहीच नव्हतं.

फक्त पिमलटबाईने मान वर केली नाही.

"रोलंड," ती पुटपुटली.

रोलंड तिचा भाऊ. तोही लढाईवरून परतला होता, पण धडधाकट. पुढच्या वसंतात धान्याच्या कोठारात शिडीवरून पडून गेला, असं त्याच्या वडिलांनीच गावाला सांगितलेलं.

मावशी पुढे वाकली. "शिडीवरून पडला होता ना गं?"

मावशी हसली. तिला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही.

बिगूल वाजला. मौन संपलं.

करकर चालूच होती.

त्याच हिवाळ्यात पिमलटबाई गेली. रोलंडचं नाव मागायला घरात कुणी उरलं नाही. मी एकदा मावशीपाशी विषय काढला, तर ती म्हणाली, "त्याच्या बापाला विचार."

आता मावशीही नाही. पाटी मी घासते.

भर उजेडात, दार सताड उघडं टाकून.

वर मात्र बघत नाही.